मुठेल

मे महिना, भर दुपार, वीज गेलेली. मुंबईहून आलेली पुतणी तोंडाला बेसन-लिंबू फासून पडवीत बसली होती. मुळात तिची कातडी नाजूक, त्यात गालांवर मुरुमं. पाच मिनिटांत ओरडत न्हाणीकडे धावली. तोंड धुऊन आली तेव्हा गाल पिकल्या रातांब्यासारखे. मी म्हटलं, "अगो, आता उन्हात तरी जाऊ नको, लिंबाने डाग पडतात." तर म्हणे, "पण काका, हे नॅचरल आहे!"

नॅचरल तर आंब्याचा चीकही असतो. आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातली मंडळी, अंगावर उतण्यात, फोड आणण्यात कुणी कुणाला हार जात नाही. ओले काजू सोलणाऱ्या बायका आधी बोटांना राख नाहीतर खोबरेल चोपडतात ते उगाच नाही. आम्हा पोरांना मात्र एवढा धीर कुठला! कैरी देठाकडून दातानेच सोलायची. दुसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्याला ही खपली. आजी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. "आंब्याने चावलंन होय रे तुला?" असं विचारून फडताळातून कागदात गुंडाळलेला मुठेलाचा, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा काढायची.

ते बनायचंही मेमध्येच. रातांबे फोडले की सालं आमसुलांना जायची आणि गर चोखायचं काम आमच्याकडे. बी गिळायची नाही, सुपात थुंकायची, हा नियम. पाऊस लागायच्या आत बिया कडकडीत वाळवून, कुटून, मोठ्या टोपात पाण्याबरोबर रटारटा उकळायच्या. घरभर ओशट वास. रात्रभर टोप निवत ठेवला की सकाळी वर पिवळट पांढरी साय धरलेली असायची. ती आजी ओंजळीत घेऊन मुठीत दाबायची, पाणी निथळू द्यायची. मुठीत वळायचं म्हणून मुठेल. पुढे कुठल्या भागात त्याला भिरंडेल म्हणतात हे कळलं, पण मला ते नाव पटत नाही. त्यात मूठ कुठे आहे?

खोबरेल पंचवीसेक अंशांना वितळून मोकळं होतं. मुठेल ऐन उन्हाळ्यातही दगडासारखं, त्याला अडतीस-चाळीस अंश लागतात. म्हणून आजी ते पळीत घालून निखाऱ्यावर धरायची आणि कोमट थेंब बोटाने ओठावर टेकवायची. भेगाळलेले ओठ, थंडीतल्या टाचा, गाईचे फुटलेले सड, सगळ्यांना एकच गोळा. आधी गाय की आधी मी, हे कधी विचारलं नाही.

त्या गोळ्यावर तिच्या चार बोटांच्या खाचा असायच्या. तेव्हापासूनची माझी एक खोड आहे. गोळा खरवडायचा तो नेहमी पाठीकडून, खाचांच्या बाजूला नख लावायचं नाही. बायको हसते. हल्ली बाजारात मिळतं ते डबीतलं, गुळगुळीत. गुण तोच असेल, पण खरवडायला सुरुवात कुठून करायची तेच मला समजत नाही.

पुतणीच्या गालाला मी काहीच लावू दिलं नाही. गार पाणी मार आणि मुंबईला गेल्यावर डॉक्टरला दाखव, म्हटलं. ती रुसून आत गेली. मी पडवीत बसून राहिलो आणि का कोण जाणे, आजीचे पाय आठवले. चुलीपुढे उकिडवी बसलेली असायची, टाचा मागे उघड्या. इतक्या फुटलेल्या, की भेगांत शेण-माती कायमची बसलेली. एकदा मी गोळा घेऊन गेलो होतो तिच्या टाचांना लावायला.

"ठेव तो," म्हणाली, "संपेल."