बांगड्या घरात फुटतात

आज आणखी एका ग्रामसभेत विधवा प्रथाबंदीचा ठराव झाला. फार बरं वाटलं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं सुरुवात केली, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रकही निघालं.

पण ठराव प्रोसिडिंग बुकात राहतो आणि बांगड्या घरात फुटतात, पाच मिनिटांत, जाणत्या बायकांच्या हातून. म्हणून मयताच्या घरी आधी सासू-नणंदेशी बोला. कुंकू पुसायला हात पुढे आला की तो धरणारी बाईच हवी, तीही भावकीतली. बाहेरच्याचं त्या घडीला कुणी ऐकत नाही. जोडवी, मंगळसूत्र ठेवणं त्या विधवेच्या मर्जीवर.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत तिला मुलांइतकाच वाटा आहे. तेराव्याच्या गडबडीत हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करू देऊ नका. आणि हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्याही घरी जाऊ द्या.