मॅडम, हे नाचगाण्याचे सिनेमे कशाला?

दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा नर्सिंगचा किंवा आयटीतला असतो, जर्मनच्या बी-वन पातळीची परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि शनिवारी चहानंतरच्या अर्ध्या तासात मी भिंतीवर पन्नासच्या दशकातल्या एखाद्या जर्मन सिनेमाचा तुकडा लावलेला असतो. सॅक्सोफोन घेऊन उड्या मारणारी पोरं, घेरदार झग्यातल्या पोरी, दारात कंबरेवर हात ठेवून उभे असलेले चिडके काका. "मॅडम, जर्मनांचे युद्धावरचे, नाझींवरचे इतके भारी सिनेमे आहेत. हे असलं कशाला दाखवता?" परवा तर एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी फोन करून हेच विचारलं, जरा घुश्शातच. फी भरणाऱ्या माणसाचा तो हक्कच आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवात एका शब्दापासून झाली. १९५७ साली एरिक ओडे या दिग्दर्शकाचा एक सिनेमा आला, पेटर आलेक्झांडर नायक. नाव 'लीबं, जॅझ उंट यूबरमूट'. प्रेम, जॅझ आणि... पुढे वर्ग अडला. कोणी म्हणालं 'मस्ती', कोणी 'माज', कोणी 'आगाऊपणा'. मागच्या बाकावरची कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "रग! अंगात रग आहे म्हणतो ना आम्ही, ती." मी फळ्यावर 'रग' लिहिलं आणि अजून बदललेलं नाही. या यूबरमूटवर जर्मनांची एक म्हणही आहे, त्याने क्वचितच कोणाचं भलं होतं अशा अर्थाची. आपल्या कहाण्यांत देव सांगतो ना, उतू नकोस, मातू नकोस, तोच सूर.

सिनेमे म्हणून यांची फार बाजू घेणार नाही. गोष्ट साधारण एकच. पोरांना जॅझ वाजवायचा असतो, मोठ्यांना शांतता किंवा बेटहोफन हवा असतो, मध्ये थोडे गैरसमज, थोडी चुंबाचुंबी, आणि शेवटी त्याच काकांचा पाय ठेक्यावर हलायला लागतो. शिवाय ज्याला जॅझ म्हणतात तो पुष्कळदा जॅझ नसतोच, तो श्लागर असतो, म्हणजे चटकन ओठांवर बसणारं गाणं. जॅझ वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीइतका. १९५८ च्या 'वेन दी कॉनी मिट डेम पेटर' पर्यंत तर रॉक अँड रोलही त्याच पातेल्यात पडलेलं दिसतं. कातेरीना व्हालेंटेसारखी खरोखर पोचलेली गायिका असली की गोष्ट वेगळी. १९५६ मध्ये तिने चेट बेकर या अमेरिकन जॅझवाल्याबरोबर रेकॉर्डिंग केलंय, ते शोधून ऐका.

मग दाखवते कशाला? त्या काकांसाठी.

काका ओरडतात, "बंद करा तो गोंगाट!" वर्ग हसतो. तिथे मी सिनेमा थांबवते आणि खडू हातात घेते. १९५७ साली हा मुलगा सतराचा धरा, म्हणजे जन्म १९४०. काका पंचेचाळीसचे धरा. १९४२ साली किती? तीस. आणि १९४२ साली जॅझ ऐकणाऱ्या पोरांचं काय होत होतं?

रेडिओवरून जॅझ हद्दपार केला होता १९३५ मध्येच. तरी हॅम्बुर्गमध्ये बऱ्या घरची पोरं लांब केस ठेवून, इंग्रजी कोट घालून, पाऊस असो वा नसो हातात छत्री घेऊन फिरायची, चोरून रेकॉर्डवर नाचायची आणि 'हाइल हिटलर' ऐवजी एकमेकांना 'स्विंग हाइल' करायची; स्विंग म्हणजे नाचायचा जॅझ. राजकारण वगैरे त्यांच्या डोक्यात फारसं नव्हतं. रग होती. जानेवारी १९४२ मध्ये एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने हाताखालच्या हायड्रिशला पत्र लिहिलं की यांच्या म्होरक्यांना छळछावणीत टाका, तेही दोन-तीन वर्षांसाठी. काहीजण खरोखर गेले; मुलगे मोरिंगेनला, मुली उकरमार्कला. फ्रँकफुर्टमध्ये एमिल मांगेल्सडॉर्फ नावाच्या कोवळ्या पोराला, पुढे सॅक्सोफोनवाला झालेल्या, १९४३ मध्ये गेस्टापोने म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी पकडलं, मग रशियाच्या आघाडीवर पाठवलं. तो रशियन कैदेतून घरी आला १९४९ मध्ये.

ज्या गोष्टीसाठी १९४२ साली पोलीस दारात यायचे, तिच्यावरून १९५७ साली फक्त घरगुती कुरबुर होते. मधली पंधरा वर्षं कुठे गेली, हे सिनेमा सांगत नाही. नाझींवरच्या चांगल्या सिनेमात ती वर्षं दिसतात. पण देश त्यांच्यावर सतरंजी कशी टाकतो आणि वर बसून टाळ्या कशा वाजवतो, ते बघायला हे असलेच सिनेमे लागतात.

एक सिनेमा मात्र मला मनापासून आवडतो, १९४९ चा 'हालो, फ्रॉइलाइन!', दिग्दर्शक रुडॉल्फ युगर्ट. युद्ध संपतंय, एका छोट्या गावात अमेरिकन सैन्य शिरलंय, आणि जॅझचं वेड असलेला एक अमेरिकन कॅप्टन निरनिराळ्या देशांचे वादक गोळा करून बँड उभा करतो. गायिका मार्गोट हील्शर. कॅप्टन झालाय पेटर फान आइक, आणि गंमत अशी की हा 'अमेरिकन' मुळात पोमेरेनियातला जर्मन, ग्योट्झ फॉन आइक. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला देश सोडून गेला, अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्यांच्याच गणवेशात परत आला. म्हणजे मायदेशी परतलेला माणूस परक्याची भूमिका करतोय. नायिका शेवटी जर्मन इंजिनिअरला निवडते, कॅप्टनला नाही. १९४९ च्या प्रेक्षकाला तसंच हवं असणार. मला दर वेळी वाईट वाटतं.

आणि त्या काळचे खरे वादक? कोको शूमन बर्लिनचा गिटारवादक, आई ज्यू. टेरेझियनश्टाटच्या छावणीत तो 'घेटो स्विंगर्स' मध्ये वाजवायचा. पुढे ऑश्विट्झमध्ये माणसं गॅसकडे नेली जात असताना त्याला 'ला पालोमा' वाजवावं लागलं. तो वाचला, बर्लिनला परतला, आणि त्याने काय केलं? पुन्हा नाचाच्या बँडमध्ये वाजवायला लागला. कित्येक वर्षं या विषयावर तो गप्पच होता. आठवणींचं पुस्तक आलं १९९७ मध्ये. दुसरीकडे फ्रेडी ब्रॉकझीपर, ड्रमवाला. तो युद्धात गोबेल्सच्या प्रचारासाठी इंग्रजांना ऐकवायच्या स्विंग बँडमध्ये होता. देशात बंदी, शत्रूसाठी मात्र चालू! युद्धानंतर तोच अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवत होता. दोघांचा धंदा एकच, ठेकाही एकच. तेव्हापासून सिनेमात मागे वाद्यवृंद दिसला की मी नायक-नायिकेकडे बघतच नाही.

खरा जॅझ त्या काळात तळघरात होता. फ्रँकफुर्टच्या क्लाइनं बोकेनहायमर श्ट्रासं या गल्लीतलं तळघर १९५२ मध्ये सुरू झालं, ते अजून आहे. मी एकदा पायऱ्या उतरून गेले होते. वर आले तेव्हा कानांत दडे बसले होते आणि शेवटची ट्राम गेली होती. त्याच शहरात आडोर्नो हा तत्त्वज्ञ राहायचा, ज्याला जॅझ अजिबात सोसायचा नाही. १९५३ मध्ये त्याने जॅझवर सडकून टीका केली, आणि उत्तर दिलं जॅझवर लिहिणाऱ्या योआखिम-अर्न्स्ट बेरेंटने. बेरेंटचे वडील पाद्री, डाखाउच्या छावणीत वारले. याच बेरेंटने १९६७ मध्ये जॅझ आणि भारतीय संगीत एकत्र आणणारी रेकॉर्ड काढली. पियानोवर इरेन श्वाइत्सर, सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे. 'साठे' म्हटल्यावर वर्गात सगळे मोबाइलवरून डोकं वर काढतात. इतका वेळ नाझी, छळछावण्या चाललेल्या, तेव्हा नाही.

त्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मॅडम, परीक्षेत हे येतं का?"

नाही येत. पण भूतकाळ येतो. 'असणे' या क्रियापदाचा भूतकाळ शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहिते, 'वो वार्स्ट डू दामाल्स?' तू तेव्हा कुठे होतास? चार शब्द, बी-वनच्या खालच्या ए-टू पातळीच्या मुलालाही जमतात. मी पाहिलेल्या नाचगाण्याच्या सिनेमांत एकाही पोराने ते दारातल्या काकांना विचारलेलं नाही.