प्राग ते ल्युब्लियाना, हॉस्टेलांच्या आसऱ्याने

मे २०२५ मध्ये मी आणि माझी भाची सोळा रात्री मध्य युरोपात होतो. प्रागला चार, व्हिएन्नात पाच, बुडापेस्टला तीन आणि ल्युब्लियानात चार. मी बावन्न वर्षांची शिक्षिका, ती सव्वीसची. सोळाही रात्री हॉस्टेलात काढल्या. परत आल्यापासून शाळेतल्या आणि ट्रेकच्या ग्रुपमधल्या बायका एकच विचारतात, "या वयात तिथे घेतात का?" घेतात. पण हॉस्टेल नीट पारखून घ्यावं लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वयाचं आधी सांगते. काही हॉस्टेलं डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीत, पस्तीस किंवा चाळीसच्या वरच्यांना घेत नाहीत आणि हे बुकिंगच्या नियमांत अगदी तळाशी लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. अठराखालचं मूल सोबत असेल तर मिश्र डॉर्म बहुतेक ठिकाणी मिळत नाही, वेगळी खोली घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय यूथ हॉस्टेल संघटनेच्या घरांत मात्र कुटुंबं, शाळेच्या सहली, आजी-आजोबा असे सगळे दिसतात. ही कल्पनाच मुळात एका शिक्षकाची. रिशार्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना पायी सहलीला नेत. १९०९ साली वादळात सापडल्यावर त्यांनी मुलांसह एका शाळेत रात्र काढली, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या वर्गांत प्रवासी मुलांची सोय करावी हा विचार तिथे पक्का झाला. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू झालं. मला हे वाचून फार आपलेपणा वाटला. आपल्याकडे ज्यांनी यूथ हॉस्टेलतर्फे हिमालयात ट्रेक केलेत त्यांच्याकडे वायएचएआयचं, म्हणजे भारतातल्या यूथ हॉस्टेल संघटनेचं, कार्ड असतंच. ते सोबत घ्या. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या घरांत सभासद नसलेल्यांना बऱ्याच ठिकाणी दर रात्री काही युरो जास्त पडतात.

आता बुडापेस्ट, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते तिथेच. सातव्या जिल्ह्यात, जुन्या ज्यू वस्तीत आम्ही जागा घेतली. भाडं कमी, फोटो सुंदर, एकूण गुण उत्तम. पण हा भाग पडक्या इमारतींत थाटलेल्या पबांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आमचं हॉस्टेल त्याच गर्दीसाठी चालवलेलं. रात्री अकराला तिथले लोक पबांच्या फेरीला निघायचे आणि पहाटे चारला खोलीतला मोठा दिवा लावून परतायचे. त्यांची चूक नव्हती, ते त्यासाठीच आले होते. चूक आमच्या निवडीत होती. तीन दिवस अर्धवट झोपेत गेले आणि सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात मी बसल्या बसल्या पेंगले.

त्यानंतर आम्ही गुण वाचायची पद्धतच बदलली. हॉस्टेलवर्ल्डसारख्या साइटवर स्वच्छता, सुरक्षितता, जागा, कर्मचारी, वातावरण असे गुण वेगवेगळे दिलेले असतात. एकूण आकड्याकडे पाहूच नका. 'वातावरण' खूप वर आणि 'स्वच्छता' त्यापेक्षा बरीच खाली असेल तर ते पार्टी हॉस्टेल समजा. मग गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय काढून त्यांतले नाराज लोकांचे आधी वाचा. "रात्री दहानंतर कॉमन रूम बंद करतात, कंटाळवाणं" अशी तक्रार सापडली की भाची म्हणायची, "मावशी, हेच आपलं!"

दुसरी कसोटी स्वयंपाकघराची. 'किचन आहे' एवढ्यावर जाऊ नका. फोटोत शेगडी दिसते का, की फक्त मायक्रोवेव्ह आणि किटली, ते पाहा. व्हिएन्नात आम्हाला चार शेगड्या, भरपूर भांडी आणि नाव-तारीख चिकटवून सामान ठेवायला फ्रीज मिळाला. बेड प्रागपेक्षा आठ-नऊ युरोंनी महाग होता, पण रोज एक जेवण घरचं झाल्याने तो फरक पहिल्याच दिवशी भरून निघाला. तांदूळ-डाळ नाशमार्क्ट या बाजाराच्या आसपासच्या आशियाई दुकानांत मिळते, हळद-तिखटाच्या पुड्या घरून नेल्या होत्या. फोडणी मंद आचेवर, झाकण ठेवून करा. धुराचा अलार्म वाजला तर अख्खी इमारत रिकामी करतात आणि दंडही लावतात. घरून नेताना एक लक्षात ठेवा, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, चिवडा चालतो. आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी सापडतात. आमच्यासारखं रविवारी दुपारी रिकाम्या पिशव्या घेऊन फिरू नका. पाण्याची बाटली मात्र विकत घ्यायचं कारण नाही. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून.

या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी बुकिंग करताना मोफत रद्द करता येणारंच घ्या, आणि कागदावर दोघांची नावं आहेत का ते तपासा. बऱ्याच हॉस्टेलांच्या पावतीवर फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव येतं. आम्ही मेल पाठवून दोन नावांचं पत्र मागवलं, दोन दिवसांत आलं. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या पाच रात्री व्हिएन्नात, म्हणून ऑस्ट्रिया. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

प्रागला भाड्याव्यतिरिक्त माणशी दर रात्री ५० कोरुना (तिथलं चलन) शहर कर काउंटरवर द्यावा लागला. असा कर बहुतेक शहरांत आहे आणि बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो. कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, कार्डाच्या चलनात की कोरुनात? नेहमी स्थानिक चलन निवडा, नाहीतर दर वाईट लागतो.

सामानात स्वतःचं छोटं कुलूप हवंच. लॉकर असतात, कुलूप भाड्याने घ्यावं लागतं. टॉवेलचेही वेगळे पैसे असतात, आपला पंचा सगळ्यात सोयीचा, रात्रीतून वाळतो. कानात घालायचे बोळे, अंघोळीला जायला रबरी चप्पल. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना तिथे बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आठवडाभर आधी मेल करून खालचा बंक मागितला. चारपैकी तीन ठिकाणी मिळाला. पोचल्यावर सामान पलंगावर टाकण्याआधी गादीची शिवण उलटून पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, लगेच खोली बदलून मागा.

ल्युब्लियानाचं हॉस्टेल त्सेलिका हे माझं सर्वांत आवडतं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात, १८८२ साली बांधलेला हा लष्करी तुरुंग. १९९१ साली स्लोव्हेनिया स्वतंत्र झाल्यावर युगोस्लाव सैन्य गेलं, इमारत पाडायला निघाली, तेव्हा कलाकारांनी आणि कार्यकर्त्यांनी ती लढून वाचवली. २००३ साली तिचं हॉस्टेल झालं. वीस कोठड्या, प्रत्येक वेगळ्या कलाकारांनी सजवलेली. दारांवर गज तसेच आहेत. आम्ही दोन रात्री दोघींची कोठडी घेतली आणि दोन रात्री वरच्या मोठ्या खोलीत राहिलो. कोठडी महाग पडते, पण एक रात्र तरी घ्यावी. माणसांना डांबायला बांधलेल्या जागेत सकाळी गजांतून ऊन आत येत होतं आणि बाहेर कोणीतरी कॉफी करत होतं, मी बराच वेळ तशीच पडून राहिले. स्टेशनपासून पायी दहा मिनिटं. मात्र शेजारी मेटेलकोवाचा परिसर आहे, शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे गाणं-बजावणं चालतं. शक्य असेल तर रविवार ते गुरुवार जा. आम्हाला शुक्रवार गाठायचाच होता, कारण बाजारचौकात त्या दिवशी ओद्प्रता कुहना नावाचा खाऊबाजार भरतो. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो, पाऊस असेल तर नाही.

शेवटच्या दिवशी खोली सकाळीच सोडावी लागते, पण सामान दिवसभर ठेवू देतात. निघण्याआधी उरलेली डाळ आणि हळद आम्ही स्वयंपाकघरातल्या 'कोणीही घ्या' फळीवर ठेवली, चिठ्ठीवर प्रमाण लिहून: एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, मीठ चवीपुरतं.