हशा काढून बघा

मालिकेतला विनोद सूक्ष्म की ढोबळ, हे मी वाक्यानंतरच्या क्षणावरून ठरवते. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची अमेरिकेतली मालिका ‘मॅश’ (१९७२ ते १९८३) घ्या. वाहिनीच्या आग्रहाखातर तिच्यात रेकॉर्ड केलेला हशा घातला होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नको, यावर निर्माते अडून राहिले. बीबीसीने तर मालिका हशाशिवायच दाखवली. संवाद तेच, पण हशा गेला की त्यातला कडवटपणा लगेच जाणवतो.

आपल्याकडे २००१ ची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. आमच्या नारायण पेठेतल्या घरी आई मटार सोलता सोलता अजूनही जुने भाग लावते. दिलीप प्रभावळकरांचे आबा काही न बोलता नुसते बघतात, तेव्हा तिचा हात शेंगेवरच थांबतो आणि ती खुदकन हसते. तेच हल्लीच्या एखाद्या कार्यक्रमात ‘टॉइंग’ वाजलं की मान वर करून विचारते, “काय गं झालं?”

धडपडून हसवणारा विनोदही मला आवडतो, वेळ अचूक साधली असेल तर फारच. पण प्रेक्षकाला कळणारच नाही असं धरून वाजवलेल्या त्या ‘टॉइंग’चा मला मनापासून राग येतो.