माळ्यावरचा कागद

चिपळूण, १५ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय आणि गावोगावी भात कापणीला आलंय. अशा दिवशी वाचनालयात कोण येणार असं वाटलं होतं. पण वाचन प्रेरणा दिनानिमित्त मोडी लिपीचा वर्ग होता, आणि मी पोचेपर्यंत पुढच्या खुर्च्या भरलेल्या. बहुतेक सगळे पेन्शनर. दोन कॉलेजची मुलं होती, ती मोबाइलवर अक्षरांचे फोटो काढत होती.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. म्हणजे टिळक रत्नागिरीत आठ वर्षांचे असतानाचं. नाव मागाहून आलं हे उघड आहे, पण मला हे आजच सुचलं. २०१३ च्या जानेवारीत साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा मी ग्रंथदिंडीत चालले होते. खरं सांगायचं तर त्यातलं आता पायांना आलेले फोडच आठवतात. २२ जुलै २०२१ मात्र विसरता येत नाही. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली आणि वाचनालयातही. २००५ ला एकदा भिजलेलं होतंच. पुस्तक भिजलं की फुगतं, पानं एकमेकांना चिकटतात, आणि वास असा येतो की हातात धरवत नाही. आमच्या खालच्या खोलीतली पुस्तकं मी स्वतः टोपलीने बाहेर टाकलीत, म्हणून माहीत.

आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. तिच्यातला एक कागद आज बरोबर नेला. घरात लहानपणापासून ऐकत आलेय, "तो खोतीचा कागद आहे, जपून ठेव." खोतीचा म्हणजे जमिनीवरच्या जुन्या हक्काचा. ठेवला. वाचला कोणी नाही, कारण मोडी.

शिकवणारे गृहस्थ रत्नागिरीहून आले होते. सांगण्याची हातोटी फार छान. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्वदीर्घाची भानगड नाही. (शाळेत याच भानगडीपायी किती मार्क गेले माझे!) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी कागदांत ही लिपी होती. म्हणजे आजोबांना ती सहज येत असणार. बाबांना येत नव्हती. एका पिढीत संपली. मंचावर दीपप्रज्वलन, नारळ, हार सगळं यथासांग झालं, आणि वारसा जपण्याचा ठराविक शब्दही चारदा ऐकला. मला आपली माझ्या घडीच्या कागदाचीच काळजी.

वर्ग संपल्यावर धीर करून कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद खिडकीजवळ नेला. माझ्या पोटात गोळा. निदान चार-पाच एकर तरी निघावी, असा मोह झाला, खोटं कशाला बोलू?

"श्री. हे कळलं का तुम्हाला?"

ते कळलं. पुढे त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द सोडवला. दापोलीकडच्या आमच्या घरामागच्या बरक्या फणसाबद्दलचा कागद. दोघा भावांनी फळं निमी निमी घ्यायची, आणि झाड पडलं तर लाकूडही निमं. बस. खोती नाही, जमीन नाही. निघाले तेव्हा "निमे" हा एक शब्द मी स्वतः वाचू शकत होते. तो तीनदा आला होता.

घरी येताना रिक्षातूनच आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं हळहळली.

"तो फणस निसर्ग वादळात पडला नव्हता का?" तिने विचारलं.

"हो, २०२० ला."

"लाकूड तुझ्या काकांनी नेलं की गं सगळं. काय लिहिलंय म्हणालीस? निमं?"

मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. आई अजून बोलतच होती.