फांदी नेमकी कुठे कापायची

छाटणीचं म्हटलं की सगळे विचारतात किती कापू, कुठे कापू हे फारसं कोणी विचारतच नाही, आणि झाडाला त्रास होतो तो तिथेच.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एकदा बोट फिरवून बघा, साल जराशी सुरकुतलेली आणि फुगीर लागते, बांगडी असल्यासारखी. जखम बुजवणारी नवी साल त्या फुगवट्यातूनच येते, म्हणून काप त्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा, खोडाला सपाट घासूनही नाही आणि लांब खुंट ठेवूनही नाही. मी तीन वर्षांपूर्वी पेरूची अंगठ्याएवढी फांदी कापताना चार बोटं खुंट ठेवला, वाटलं खोडाला धक्का नको. तो खुंट वाळला, साल सुटली, आतून भुसा पडायला लागला आणि मर हळूहळू खोडाकडे सरकत गेली. शेवटी खुंट परत कापावा लागला, फार वाईट वाटलं तेव्हा. त्याच दिवशी पलीकडची फांदी मात्र नीट कापली गेली होती, तिथे आता चहूबाजूंनी साल येऊन मधे फक्त डाळीच्या दाण्याएवढी फट उरलीय, मी अजून रोज जाऊन बघते.

जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी करवत मारा, मग वरून, नाहीतर वजनाने ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते.

बारीक फांद्यांचं सोपं आहे. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फूट जिथून येते तो उंचवटा, शोधायचा आणि त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, म्हणजे फुटवा बाहेर जातो आणि मधे ऊन-वारा खेळतो. पेरूला नव्या फुटीवर फळ येतं त्यामुळे तो छाटणी मानवून घेतो, आंब्याला मोहोर शेंड्यावर येतो म्हणून त्याला फळं उतरली की लगेचच हात लावायचा, उशिरा केलं तर पुढचा मोहोर गेलाच समजा. सरळ वर धावणारे पानसोट, म्हणजे नुसत्या पानांचे जोमदार फुटवे, आणि कलमाच्या सांध्याखालची फूट दिसली की काढाच. एका वेळी पाव झाडापेक्षा जास्त मी कापत नाही.

आणि कात्री धारदार हवी, रोगट फांदी कापली की स्पिरिटने पुसून मगच पुढच्या झाडाकडे जायचं, हे मी कितीही घाई असली तरी सोडत नाही.