रत्नागिरीच्या दक्षिणेला नऊ रात्री, तीन मुक्काम

पुण्याहून निघताना ह्यांनी वहीत बारा ठिकाणं लिहिली होती. परत आलो तेव्हा त्यातली सहा बघून झाली होती. भाट्ये ते कशेळी हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा पट्टा. आम्ही तिथे नऊ रात्री राहिलो, आणि तरी शेवटी घाई झाली असंच वाटलं.

आधी गाडीबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आमची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली आहे. उंची साडेनऊ फूट, पाण्याची टाकी दीडशे लिटरची, टपावर सोलर, आत दोन पंखे. एसी मुद्दाम बसवला नाही. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असल्याने मोटारीचा साधा परवाना चालतो, त्यामुळे ती मी चालवते. गाडी मागे घ्यायची वेळ आली की ह्यांना घाम फुटतो.

जानेवारीच्या शेवटी कोल्हापूर-मलकापूरमार्गे आंबा घाटाने उतरलो. घाटात पायाने ब्रेक दाबत बसू नका. वरूनच दुसरा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. मागून हॉर्न वाजत राहतात, वाजू द्यावेत. साखरप्याला थांबून चहा घेतला, चाकांना हात लावून पाहिला, कोमट होती. इतकं जमलं की पुढे हातखंब्यापर्यंत काळजी नाही.

पहिल्या तीन रात्री भाट्याला. हे गाव खाडीच्या पलीकडे, पूल ओलांडला की शहर. एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नारळाच्या आगराच्या कडेला जागा मिळाली. विहिरीचं पाणी आणि विजेची जोडणी धरून रात्रीचे पाचशे रुपये. माडाखाली सावली छान वाटली म्हणून मी तिथेच गाडी लावायला निघाले, तर घरचे काका धावत आले. "काकू, वर बघा." वर नारळाचे घड आणि एक वाळकी झावळ लोंबत होती. सोलरच्या काचेवर झावळ पडली असती तरी पुरे होतं. कोकणात गाडी लावायची तर सावली आंब्या-फणसाची शोधावी, माडाची कधी नाही.

शहरात स्कूटर भाड्याने घेतली. सगळ्या सहलीत शहाणपणाचा निर्णय कुठला विचाराल तर हा. कॅराव्हॅन घेऊन रत्नागिरीच्या बाजारात शिरायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पलंग घेऊन बसण्यासारखं आहे. गाडी खळ्यात ठेवली आणि स्कूटरवरून निवांत फिरलो. थिबा पॅलेसला सकाळी गेलो. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून आमचं भाट्ये, पूल आणि खाडीचं मुख एका नजरेत दिसतं. राजाला काय दिसत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. टिळकांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर आणि रत्नदुर्ग हे सगळं दोन सकाळींत आरामात होतं. ह्यांना मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा सगळ्यात जास्त आवडला. मला मिरकरवाड्याच्या बंदरातली पहाट आवडली, वासासकट.

चौथ्या दिवशी पावसकडे निघालो आणि फजिती झाली. नकाशाने एका वाडीतून जवळची वाट दाखवली, मी वळवली. दोनशे मीटरवर दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं आली, वर विजेची तार झुकलेली, आणि समोर रस्ता संपून पाखाडी सुरू. पायऱ्या! वळायला जागा नाही. मागे रिक्षा येऊन उभी. मग रिक्षावाला मागे सरला, एक काका लांब काठीने तार उचलून धरायला निघाले (तसं करू दिलं नाही, तुम्हीही कुणाला करू देऊ नका), एक शाळकरी मुलगा "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत चालला, आणि अर्ध्या तासात आम्ही मुख्य रस्त्यावर. एक आरसा गडग्यात राहिला. हे एक शब्द बोलले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत ते न बोलणं मला ऐकू येत होतं.

तेव्हापासून नियम केला. नवी जागा असेल तर गाडी डांबरी रस्त्यावर थांबवायची आणि ह्यांनी स्कूटरवर पुढे जाऊन बघून यायचं. रुंदी, तारा, झाडाच्या फांद्या आणि वळायची जागा, या चार गोष्टी. ह्यांच्याकडे दहा फुटांची बांबूची काठी दिली. तारेला ती लावायची नसते, लांबूनच अंदाज घ्यायचा. लोकांना "गाडी जाईल का?" असं विचारू नका, कोकणात भिडेखातर "जाईल की" म्हणतात. "वाळूचा डंपर येतो का इथे?" असं विचारा. त्याचं उत्तर खरं मिळतं.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात तासभर शांत बसलो. तिथून गणेशगुळे स्कूटरवरच. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" ही म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण ज्याने गाव सोडलं म्हणतात त्याचं मूळ देऊळ टेकडीवर आहे हे गावीही नव्हतं. गणपतीपुळ्याची गर्दी आठवली आणि इथली शांतता बघून वाटलं, देव गेला ते गावाच्या पथ्यावर पडलं.

पुढच्या चार रात्री गावखडीला. मुचकुंदी नदीच्या मुखाशी अलीकडे पूर्णगड, पूल ओलांडला की गावखडी. सुरूचं बन, त्यापलीकडे लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सुरूच्या बनातच राहावं असा मोह होतो. आम्ही केला नाही. एक तर ते असं मुक्कामाला राहायचं ठिकाण नाही, दुसरं म्हणजे हिवाळ्यात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्रीचे दिवे त्यांना आणि पिल्लांना भुलवतात. मागच्या वाडीत एका कलमबागेच्या फाटकापाशी जागा मागितली. मालकांनी पोलीस पाटलांच्या कानावर घालून या म्हणून सांगितलं, ते काम पाच मिनिटांचं. त्यामुळे रात्री कुणी टॉर्च मारून "कोण तुम्ही?" विचारायला आलं नाही. बागेचा राखणदार नेपाळी होता, मोहोर धरलेल्या झाडांखाली गॅस पेटवू नका एवढंच त्याने बजावलं.

गावखडीला रविवारी संध्याकाळी एक चकचकीत मोटार ओल्या वाळूत रुतलेली पाहिली. चौघं ढकलत होते, चाक फिरवलं की आणखी खाली. असं नेहमी संध्याकाळीच का होतं, हे मालकांनी समजावलं. भरतीचा कोकणी हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत हाच हिशोब, दिवसातून दोनदा, अर्धापाऊण तास इकडेतिकडे. आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि ती येते बरोबर संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. सूर्यास्ताला किनारा एवढा रुंद आणि घट्ट दिसतो की कुणालाही गाडी घालावीशी वाटते. फोटो काढून होईस्तोवर पाणी वळलेलं असतं. त्या दिवशी पौर्णिमा होती. ट्रॅक्टर आला, गाडी निघाली, पण पाणी आतल्या गालिच्यापर्यंत पोचलं होतं. आमची तीन टनांची गाडी पुळणीवर न्यायचा प्रश्नच नव्हता. तुम्हीही नेऊ नका, घट्ट दिसली तरी.

पूर्णगड छोटा, अर्ध्या तासाचा किल्ला, पण तटावरून मुचकुंदीचं मुख दिसतं आणि एक दार थेट समुद्राकडे उघडतं. तिथे आम्ही चार वेळा गेलो. राहण्याचा फायदा हाच. एकदा गेलो असतो तर "बघितला" म्हणालो असतो.

शेवटच्या दोन रात्री कशेळी. इथे सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट कातळ. गाडी लावायला याहून चांगली जमीन नाही, चाकाखाली फळी लागत नाही. फक्त सावली शून्य आणि दुपारी कातळ तापतो, म्हणून दुपार कनकादित्याच्या देवळात काढावी. सूर्याची मंदिरं आपल्याकडे मोजकी, त्यातलं हे एक. मूर्ती प्रभासपाटणच्या बाजूने गलबतातून आली आणि गलबत इथेच अडून राहिलं, अशी आख्यायिका. खाली देवघळीला समुद्र कड्याच्या पायथ्याशी आपटतो, उतरताना चपला चांगल्या हव्यात. गावाच्या सड्यावर हत्तीचं कातळशिल्प आहे, सुमारे अठरा मीटर लांब, त्याच्या रेषांच्या आत आणखी कितीतरी प्राणी. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये गेली, त्यात कशेळी आहे. भर दुपारी काही दिसत नाही, नुसता खडक. सकाळी साताला किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठतात. रेषांवर पाय देऊ नका.

इथल्या घरच्या आजींना गाडी आतून बघायची होती. हात धरून चढवलं. शेगडी, पलंग, मोरी, सगळं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "सगळा हाय गो, पण पडवी खंय?" बाहेर जाऊन आम्ही कापडी छत उघडून दाखवलं तेव्हा समाधान झालं. दोन्ही संध्याकाळी त्या आमच्या पडवीत येऊन बसल्या.

आता राहिलेली कामाची माहिती. वायर पंचवीस मीटरची न्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून मगच वापरा, गुंडाळलेली तापते. घरात अर्थिंग आहे का ते सॉकेट टेस्टरने बघा, सांगणाऱ्यावर विसंबू नका. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, त्या वेळी इंडक्शन लावू नका, यजमानांचा पंप बंद पडतो. शौचाची पेटी यजमानांच्या सेप्टिक टाकीत रिकामी करायची तर आधी विचारा, आणि त्यात निळं रसायन नको, त्याने टाकीतले जंतू मरतात. जैविक पूड मिळते ती वापरा. भांड्यांचं पाणी विहिरीपासून लांब, माडाच्या आळ्यात. पिण्यासाठी वीस लिटरचे जार पावसपर्यंत सहज मिळाले, पुढे आमची शोधाशोध झाली. एटीएमचं काम शहरातच उरका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिमग्याला गाव बघण्यासारखं असतं, पण चाकरमानी आलेले असतात, खळ्यात तुमच्या गाडीला जागा उरत नाही. मे महिन्यात ह्या पत्र्याच्या डब्यात झोपून दाखवा, मग बोलू.

परतताना भाट्याला एक तास थांबलो. गोड्या पाण्याचा पाइप लावून गाडीचं पोट धुतलं, चाकांच्या आतून ओंजळभर वाळू निघाली. स्कूटर परत केली. आरसा शहरात मिळाला नाही, कोल्हापुरात बसवला. आणि घाट चढण्याआधी साखरप्याला पाण्याची टाकी रिकामी केली. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, ते वर ओढून नेण्यात अर्थ नाही. तिथल्या चहावाल्याने ते पाणी त्याच्या शेवग्याला घालून घेतलं.